वाट पाहण्याचे पैसे मी देत नाही

दही, चक्का, साजूक तूप, इडलीचं पीठ, मोड आलेली मटकी आणि पनीर. घरात चार माणसं आणि एक फ्रिज असेल तर हे सहा पदार्थ विकत घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. हे सगळे तयार व्हायला तासन्‌तास लागतात, पण त्यात हाताचं काम असतं जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचं. बाकीचं काम जीवाणू, पाणी आणि घरातली ऊब परस्पर करतात. दुकानात आपण त्या तासांचे पैसे मोजतो, आणि बऱ्याचदा पाण्याचेही. बिरडे (मोड आलेले कडवे वाल) सोलणं, पुरणपोळ्या लाटणं, कुरडया घालणं ही कामं वेगळी. तिथे कुणाचे तरी हात राबलेले असतात, आणि त्या हातांचे पैसे द्यायला मी कधीच कां-कूं करत नाही.

सगळ्यात मोठा फरक पिठात पडतो, म्हणून सुरुवात तिथून.

एक किलो तयार पिठाच्या पिशवीत तांदूळ आणि उडीद मिळून सुमारे ४०० ग्रॅम असतात, उरलेलं पाणी. ३०० ग्रॅम उकडा तांदूळ ६० रुपये किलोने १८ रुपयांचा, १०० ग्रॅम उडीद १४० रुपये किलोने १४ रुपयांचे. मीठ, मेथ्या, मिक्सरची वीज धरली तरी ३५ रुपयांच्या वर जात नाही. पिशवीला याच्या दुप्पट तरी मोजावे लागतात. शिवाय पीठ फ्रिजमध्येही हळूहळू आंबत राहतं आणि पिशवी फुगते. त्यामुळे दुकानात येणारं पीठ बहुतेकदा मुद्दाम कमी आंबवलेलं असतं. त्याच्या इडल्या फुगत नाहीत, मग लोक सोडा घालतात आणि जिभेला साबणासारखी चव लागते.

प्रमाण साधं आहे. ३ वाट्या उकडा तांदूळ, १ वाटी सालं काढलेले अख्खे उडीद, पाऊण चमचा मेथीदाणे. तांदूळ वेगळे ५-६ तास भिजवायचे, उडीद आणि मेथ्या एकत्र ४ तास. उडीद आधी वाटायचे, थोडे थोडे, फ्रिजमधलं गार पाणी घालत. मिक्सर थांबवत थांबवत चालवावा. भांडं गरम झालं की उडदाचं वाटण चिकट आणि जड होतं, त्यात हवा भरत नाही. वाटून झाल्याची खूण अशी: वाटीभर पाण्यात वाटणाचा एक थेंब सोडला तर तो तरंगला पाहिजे. बुडला तर आणखी दोन-तीन मिनिटं फिरवा. तांदूळ मात्र अगदी गंध करू नयेत, बारीक रव्याइतपत कण बोटाला लागले पाहिजेत. दोन्ही एकत्र करून हाताने चांगलं फेटायचं आणि निम्म्यापर्यंतच भरेल अशा मोठ्या पातेल्यात ठेवायचं.

मिठाचा प्रश्न ऋतूवर सोडवावा. मीठ आंबण्याचा वेग कमी करतं. म्हणून मुंबईत किंवा कोकणात मे महिन्यात रात्रीच मीठ घालून ठेवावं, नाहीतर पहाटेपर्यंत पीठ पातेल्याबाहेर येतं. पुण्या-नाशकाच्या थंडीत मीठ सकाळी घालावं. वेळही तसाच बदलतो. कडक उन्हाळ्यात ६-७ तास पुरतात, डिसेंबर-जानेवारीत १४-१६ तासही लागतात. थंडीत पातेलं कोमट पाण्याच्या परातीत ठेवून वर जाड पंचा टाकावा, किंवा बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून ठेवावं. परदेशातल्या थंड घरांत हा दिव्याचा उपाय हमखास चालतो.

पीठ फुगलं नाही तर कारणं तीनच: उडीद जुने, पाणी जास्त किंवा गारठा. पीठ आंबट झालं पण वर आलं नाही, तर दोष बहुधा पाण्याचा. आंबताना जीवाणू वायू सोडतात, आणि तो वायू धरून ठेवण्याचं काम उडदातली प्रथिनं आणि चिकटपणा करतात. पीठ पातळ असलं की बुडबुडे वर येऊन फुटतात, आणि मागे फक्त आंबटपणा राहतो. अशा पिठाच्या इडल्या करायच्या फंदात पडू नये, उत्तप्पे घालावेत. फुगलेलं पीठ खसखसून ढवळू नये, वरवरून डावाने उचलून साच्यात घालावं. १०-१२ मिनिटं वाफवलं की पुरे. जास्त वाफवल्या की इडल्या कोरड्या पडतात. पहिल्या दिवशी इडली, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोसे, चौथ्या दिवशी कांदा-मिरची घालून उत्तप्पा. पिठावर गुलाबी किंवा काळे ठिपके दिसले तर वरचा थर काढून वापरू नये, सगळंच टाकावं.

आणि पीठ आंबवायला वेळच नसेल तरी पिशवीकडे वळायची गरज नाही. तांदळाच्या पिठात पाणी आणि मीठ घालून केलेलं घावन आहेच, त्याला आंबवावं लागत नाही.

दह्यात पैशाचा फरक लहान आहे, चवीचा फार मोठा. एक लिटर दुधाचं साधारण एक किलोच दही होतं, त्यामुळे किलोमागे दहा-वीस रुपये वाचले तर वाचले. पण घरचं दही हवं तितकं गोड ठेवता येतं, आणि विकतचं तसं ठेवता येत नाही. दही लागल्यावर ते फ्रिजमध्ये कधी जातं यावर त्याचा आंबटपणा ठरतो, आणि पिशवीच्या बाबतीत ते आपल्या हातात नसतं.

फुल क्रीम दुधात स्निग्धांश किमान ६ टक्के असतो, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये दीड टक्का. तरीही डबल टोन्ड दुधाचं दही चांगलं घट्ट लागतं, कारण दह्याचा घट्टपणा मुख्यतः प्रथिनांवर असतो. सायीने मऊपणा येतो. दूध कुठलंही असो, उकळी आल्यावर मंद आचेवर ८-१० मिनिटं राहू द्यावं. त्यात दोन गोष्टी साधतात. थोडं पाणी आटतं, आणि दुधातली जी प्रथिनं एरवी पाण्याबरोबर निघून जातात ती उष्णतेने उलगडून दह्याच्या जाळ्यात अडकतात. दही कापल्यासारखं निघतं ते यामुळे.

मग दूध गार करायचं. स्वच्छ बोट बुडवून सावकाश १० पर्यंत मोजता आलं, ऊन लागलं पण चटका बसला नाही, म्हणजे ते ४०-४५ अंशांच्या आसपास आलं. यापेक्षा बरंच गरम असेल तर विरजणातले जीवाणू मरतात, आणि सकाळी दूध तसंच पातळ मिळतं. अर्ध्या लिटरला उन्हाळ्यात एक चहाचा चमचा विरजण, थंडीत दोन. विरजण आधी थोड्या दुधात कालवून मग सगळ्यात मिसळावं, तसंच टाकलं की तळाशी गोळा राहतो. त्यानंतर भांडं हलवायचं नाही. उन्हाळ्यात ५-६ तासांत लागतं, थंडीत रात्रभर. थंडीत भांडं कॅसरोलमध्ये ठेवलं तर ऊब टिकते. मातीचं भांडं असेल तर ते थोडं पाणी शोषून घेतं आणि दही आणखी घट्ट होतं, पण ते रोजच्या रोज नीट घासून उन्हात वाळवायची तयारी हवी. भांड्याच्या छिद्रांत जुनं दही राहिलं की पुढचं बिघडतं.

दही लागलं की लगेच फ्रिजमध्ये. बाहेर राहिलेला प्रत्येक तास आंबटपणा वाढवतो. वर पाणी सुटत असेल तर विरजण जास्त पडलंय, दूध जास्त गरम होतं किंवा लागता लागता भांडं हललंय. दह्याला तार सुटत असेल तर विरजणात दुसरेच जीवाणू शिरले आहेत. ते विरजण कितीही वेळा लावलं तरी सुधारत नाही, शेजारून नवीन आणावं. शेजारी कुणी नसेल तर कोमट दुधात देठासकट ३-४ हिरव्या मिरच्या बुडवून १०-१२ तास ठेवाव्यात. देठांवर दह्याला लागणारे जीवाणू असतात. पहिलं दही विसविशीत लागतं, पण त्याचं विरजण करून लावलेलं दुसरं दही ठीक येतं.

चक्का म्हणजे हेच दही टांगलेलं. पाडव्याला आणि दसऱ्याला डेअऱ्यांसमोर सकाळपासून रांगा लागतात, आणि त्या रांगेत मिळतो तो चक्का कधी टांगला हे कुणी सांगत नाही. घरी दोन लिटर फुल क्रीम दुधाच्या दह्याचा साधारण ७०० ग्रॅम चक्का निघतो. पंच्यात बांधून तासभर नळाला टांगावा, मोठं पाणी निघून गेलं की तीच पुरचुंडी चाळणीत घालून, खाली पातेलं ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर टांगलेला चक्का हमखास आंबतो. साखर चक्क्याच्या वजनाच्या पाऊणपट ते बरोबरीने. दोन्ही कालवून दोन तास ठेवावं, साखर विरघळू द्यावी, आणि मगच पुरणयंत्रातून काढावं. मिक्सर अजिबात वापरू नये, पात्यांनी दह्याची बांधणी तुटते आणि श्रीखंड ओघळायला लागतं. साखर घातल्यावर श्रीखंड ढिलं पडणं साहजिक आहे, कारण साखर पाणी ओढून घेते. म्हणून चक्का वाटतो त्यापेक्षा थोडा जास्तच कोरडा झाला पाहिजे. खाली जमलेलं पिवळसर पाणी लिटरभर तरी निघतं. त्यात कणीक भिजवावी, पोळ्या मऊ होतात. उरलं तर कढीत जातं.

तुपाकडे येऊ या. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण घरच्या तुपाबद्दल लोकांची तक्रार एकच असते: "एवढे दिवस साय जमवली आणि तूप निघालं वाटीभर." बहुतेक वेळा त्याचं कारण दुधाच्या पिशवीवरच छापलेलं असतं. 'होमोजिनाइज्ड' असं लिहिलेलं असेल तर त्या दुधातले स्निग्ध कण यंत्राने इतके बारीक केलेले असतात की ते वर येतच नाहीत. अशा दुधावर पातळ पापुद्रा धरतो, जाड साय नाही. तूप करायचं असेल तर होमोजिनाइज न केलेलं फुल क्रीम किंवा गवळ्याचं म्हशीचं दूधच घ्यावं.

६ टक्के स्निग्धांशाच्या एका लिटरमध्ये ६० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. सायीतून त्यातला साधारण निम्मा वर येतो, बाकी दुधातच राहतो. म्हणजे रोज एक लिटर दूध घेणाऱ्या घरात दहा दिवसांत ३०० ग्रॅमच्या आसपास तूप. ते दूध तर रोजचं घेतलेलंच असतं, आणि साय काढूनही चहाला, दह्याला, कॉफीला पुरतं. साजूक तूप किलोला सहाशे-सातशेच्या घरात गेलेलं असताना ही रक्कम लहान नाही.

साय जाड यायला दूध उकळल्यावर मंद आचेवर पाच मिनिटं ठेवावं, मग झाकण न लावता, वर फक्त जाळी ठेवून गार करावं. झाकणामुळे वाफेचं पाणी पुन्हा दुधात पडतं आणि साय फाटते. गार झाल्यावर ६-८ तास फ्रिजमध्ये. मग झाऱ्याने किंवा सुरीच्या टोकाने कडेने सोडवली की साय पोळीसारखी अख्खी निघते.

जमवायचं भांडं स्टीलचं किंवा काचेचं, झाकणाचं. पहिल्या दिवशीच्या सायीत एक चमचा दही घालावं. त्याने साय किंचित आंबते, लोणी लवकर सुटतं आणि तुपाला वास चांगला येतो. नुसती गोडी साय फ्रिजमध्ये आठवडाभर राहिली की कडवट होते, कारण गारठ्यातही वाढणारे काही जीवाणू असतात आणि ते स्निग्धांश तोडतात. ८-१० दिवसांच्या वर साय ठेवू नये. दूध कमी असेल आणि जास्त दिवस जमवावी लागणार असेल तर सरळ फ्रीझरमध्ये ठेवावी. कढवताना घरभर जो आंबूस, नकोसा वास सुटतो तो जवळपास नेहमी जुन्या सायीचा असतो.

घुसळायच्या आदल्या रात्री भांडं बाहेर काढावं, आणखी चमचाभर दही कालवून झाकून ठेवावं. फ्रिजमध्ये विरजण निजलेलं असतं, बाहेर ते कामाला लागतं. लोणी न निघण्याचं कारण बहुतेकदा तापमान असतं. साय फार ऊन असेल तर स्निग्धांश पातळ राहतो आणि लोणी मलमासारखं पसरतं. फार गार असेल तर कण एकमेकांना चिकटत नाहीत, नुसता फेस येतो. उन्हाळ्यात घुसळण्याआधी भांडं अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावं आणि घुसळताना बर्फाचं पाणी घालावं, थंडीत थोडं कोमट पाणी. रवी, मिक्सर, फूड प्रोसेसर काहीही चालेल. मिक्सरमध्ये सायीच्या बरोबरीने गार पाणी घालून कमी वेगावर थांबत थांबत फिरवलं की तीन-चार मिनिटांत आवाज बदलतो. आधी भरदार असतो तो एकदम पाणचट होतो. तेव्हा लगेच थांबायचं.

लोणी गोळा करून गार पाण्याने दोन-तीनदा धुवावं, पाणी बरंचसं स्वच्छ दिसेपर्यंत. हा टप्पा बरेच जण गाळतात आणि मग बेरी खूप निघाली म्हणून हळहळतात. लोण्यात राहिलेलं ताक म्हणजेच ती बेरी. ताक जितकं जास्त, तितकं खाली लागतं, तितकं तूप त्या बेरीत अडकून जातं.

कढवायला जाड बुडाचं पातेलं, लोण्याच्या तिप्पट मोठं. अर्ध्या किलो लोण्याला मध्यम ते मंद आचेवर २०-२५ मिनिटं लागतात. आधी मोठे बुडबुडे आणि पांढरा फेस येतो, पातेल्यातून चटचट आवाज येत राहतो. तो आवाज पाण्याचा आहे. आवाज मंदावला, फेस बारीक झाला, खालची बेरी दिसू लागली की तिथून हलायचं नाही. बेरी बदामी झाली की गॅस बंद. लालसर होईपर्यंत थांबलात तर पातेल्याच्या उष्णतेने ती पुढे आणखी करपते आणि तूप कडू होतं. उलट आवाज पूर्ण थांबण्याआधीच उतरवलं तर पाण्याचा अंश राहतो, आणि महिन्याभरात तुपाला खवट वास लागतो. शेवटच्या मिनिटाला विड्याचं पान टाकायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. वासाला ते छान लागतं, पण पान अगदी कोरडं पुसलेलं असावं. अर्ध्या किलो लोण्याचं ३७५ ते ४०० ग्रॅम तूप निघतं.

रवाळ तूप हवं असेल तर कोमट असताना गाळून, स्वयंपाकघराच्या ओट्यावरच सावकाश थिजू द्यावं. फ्रिजमध्ये घाईने थिजवलेलं तूप मेणासारखं गुळगुळीत होतं. म्हशीचं तूप पांढरं आणि गाईचं पिवळसर दिसतं, त्यावरून चांगलं-वाईट ठरवू नये. गाईच्या दुधात कॅरोटिन हे पिवळं रंगद्रव्य उतरतं, म्हशीच्या नाही, एवढाच तो फरक. बेरी साखर किंवा गूळ घालून मुलांना द्यावी, किंवा गरम पोळीच्या चुऱ्यात घालावी.

अमेरिका-युरोपात राहणाऱ्यांनी साय जमवत बसू नये. तिथलं जवळपास सगळं दूध होमोजिनाइज्ड असतं. बिनमिठाचं लोणी आणून थेट कढवावं. त्यात स्निग्धांश ८० टक्क्यांच्या वर असतो, म्हणजे अर्ध्या किलोचं ४०० ग्रॅम तूप कुठे गेलं नाही.

मोड आलेल्या कडधान्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, आणि म्हणूनच ते विकत घेण्याचं मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटतं. एक वाटी मटकी ८-१० तास भिजवायची, पाणी पूर्ण निथळायचं, ओलसर फडक्यात सैल बांधायची, चाळणीत ठेवायची. उन्हाळ्यात १२ तासांत, थंडीत २४ तासांत मोड येतात आणि अडीच-तीन वाट्या होतात. बाजारातल्या पाकिटातही तेच, फक्त पाण्याचं वजन मटकीच्या भावाने. चिकट झाली आणि वास आला तर पाणी नीट निथळलं नव्हतं, किंवा पुरचुंडी इतकी घट्ट होती की हवाच खेळली नाही. भिजवल्यावर हाताने एकदा चाळून गणंग काढून टाकावेत. ते भिजत नाहीत, शिजत नाहीत, आणि मिसळीत दाताखाली नेमके येतात.

पनीरबद्दल खरं ते सांगायला हवं: पैसे फारसे वाचत नाहीत. एक लिटर फुल क्रीम दूध ७०-७५ रुपयांचं, त्याचं पनीर निघतं १८० ते २०० ग्रॅम, आणि तेवढं पाकीट साधारण ९०-१०० रुपयांना मिळतं. तरी मी ते यादीत ठेवतो, कारण सुट्या पनीरमध्ये काय असतं ते कळत नाही. वनस्पती तेल वापरून केलेला 'अ‍ॅनालॉग' प्रकार बाजारात सर्रास आहे. वेष्टनावर तसं छापणं बंधनकारक असलं तरी सुट्या मालाला वेष्टनच नसतं. घरी करताना दूध उकळून गॅस बंद करावा, दोन मिनिटं थांबावं, आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घालावा. पाणी हिरवट आणि नितळ झालं की थांबायचं. त्यापुढे रस घातला की पनीर कडक आणि आंबट होतं. फडक्यात बांधून गार पाण्याने धुवावं, वर दोन-तीन किलोचं वजन ठेवून अर्धा तास दाबावं, मग तासभर गार पाण्यात. वजनाखाली दोन-तीन तास विसरलं तर रबरासारखं होतं.

स्वयंपाकघराबाहेरही हाच नियम मला एका ठिकाणी लागू पडताना दिसतो: नळ, शॉवर आणि किटलीवरचा पांढरा थर काढायची बाटलीतली द्रावणं. त्यांतही पाणीच जास्त, आणि काम करतं ते आम्ल. वाण्याकडे लिंबूसत्त्व मिळतं. दोन चमचे पेलाभर कोमट पाण्यात विरघळवावं, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून ती शॉवरला रबरबँडने बांधावी, तासा-दोन तासांनी जुन्या ब्रशने घासावं. किटलीत तेच पाणी घालून उकळावं, अर्धा तास ठेवावं आणि दोनदा स्वच्छ पाणी उकळून ओतून टाकावं. दोन गोष्टी मात्र पाळायच्याच. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये कुठलंही आम्ल मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. आणि हे पाणी शहाबादी फरशीवर किंवा संगमरवरी ओट्यावर सांडू देऊ नये. दोन्ही दगड चुन्याचे, आम्लाने त्यांची झिलई कायमची जाते.

ज्याच्या घरी एकच माणूस जेवतं त्याने किलोभर पीठ वाटण्यात अर्थ नाही, चार दिवसांत ते संपणार नाही. त्याने दही आणि मोड एवढंच घरी करावं, बाकी खुशाल विकत घ्यावं.

आणि आता हातांचे पैसे. कडवे वाल १२ तास भिजवायचे, २४ तास मोड आणायचे, इथवर वाट पाहणंच आहे. पण त्यानंतर कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत दाबून सोलायचा. पाव किलो वालांना अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि नखांच्या कडा दुखायला लागतात. मुंबईच्या बाजारांत बायका सोललेले बिरडे घेऊन बसतात. त्यांचा भाव मुकाट्याने द्यावा. तेच भाजणीचं: तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभराडाळ, उडीद, धणे, जिरं, प्रत्येक जिन्नस वेगळा, वेगवेगळ्या रंगावर भाजावा लागतो. त्या शेगडीसमोर कुणीतरी तास दोन तास उभं राहिलेलं असतं. बचत गटाची भाजणी, पापड, सांडगे, कुरडया आणि पुरणपोळ्या या सगळ्यांना माझ्या लेखी पूर्ण किंमत आहे.

बिरडे घेताना एवढं बघावं: सकाळी घ्यावेत, त्याच दिवशी करावेत. दाणा पिवळसर-हिरवा आणि अख्खा असावा, त्याच्या दोन डाळी सुटलेल्या नसाव्यात. पाण्यात ठेवलेले असतील तर ते पाणी हुंगून बघावं. किंचितही आंबूस वास आला तर ते आदल्या दिवशीचे आहेत, आणि शिजताना त्यांचा भुगा होतो.